आर्केड कॅबिनेट, लघु (जपान)

जपानमधील किस्साटेन (चहा-कॉफीची दुकाने), दागाशिया (मुलांच्या स्वस्त खाऊची दुकाने), उपाहारगृहे आणि व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणारी दुकाने यांसारख्या कमी जागेच्या ठिकाणांसाठी बनवलेली, नाणे टाकून चालणारी व्हिडिओ गेमची आटोपशीर यंत्रे. त्यांचे दोन ठळक प्रकार आहेत : टेबलाच्या आकाराचे यंत्र व ठेंगणे उभे यंत्र.

टेबल-यंत्राच्या उगमाविषयी एकमत नाही. त्याचा संबंध सामान्यतः ताइतो कंपनीच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) या तोमोहिरो निशिकादो यांनी रचलेल्या खेळाशी जोडला जातो. मात्र ‘पाँग’ या पडद्यावरील टेबल टेनिससारख्या खेळाच्या धर्तीवरील खेळांची टेबले अमेरिकेत १९७४ च्या सुमारासच मद्यगृहांतून ठेवली जात होती आणि जपानमध्येही अटारी या अमेरिकन कंपनीच्या ‘ब्रेकआउट’चा (१९७६) बोलबाला झाल्यावर विटा फोडण्याच्या खेळांची टेबले किस्साटेनमध्ये आली होती. त्यामुळे ‘स्पेस इन्व्हेडर्स’ने हा प्रकार निर्माण केला असे म्हणण्यापेक्षा आधीच आलेला प्रकार देशभर रुजवला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्याची रचना दुकानदाराच्या सोयीची होती. पडदा काचेखाली आडवा बसवलेला असे, कळा व दांडे समोरासमोरच्या दोन बाजूंना असत आणि दुसऱ्या खेळाडूची पाळी आली की चित्र आपोआप उलटे फिरे. काचेवर कप व रक्षापात्र ठेवता येत असल्याने दुकानातले एकही टेबल वाया जात नसे. पुढे याच टेबलांवर माहजोंगचे (सोंगट्यांच्या चिनी खेळाचे) खेळ आले आणि त्यांच्यासाठी दांड्याऐवजी ‘ए’ ते ‘एन’ अशा अक्षरांच्या चौदा कळांची व काही जादा कळांची पट्टी बसवण्यात आली.

‘स्पेस इन्व्हेडर्स’च्या लाटेमुळे जपानमध्ये शंभर येनच्या नाण्यांची टंचाई झाली, ही आख्यायिका जवळजवळ प्रत्येक इतिहासात आढळते. तथापि १९७८ व १९७९ या दोन्ही वर्षी या नाण्यांची टाकसाळीतील निर्मिती आधीच्या व नंतरच्या वर्षांपेक्षा कमी होती. तेव्हा फार तर नाणी यंत्रांच्या पेट्यांत अडकून पडल्याने स्थानिक चणचण जाणवली असावी.

यंत्र लहान असण्यामागे कायद्याचाही हात आहे. करमणूक व्यवसायांविषयीच्या १९४८ च्या कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली व ती फेब्रुवारी १९८५ पासून अमलात आली; तिच्यामुळे व्हिडिओ गेमची केंद्रे परवान्याच्या कक्षेत आली. पोलीस खात्याच्या अर्थविवरणानुसार खेळासाठीची जागा ग्राहकांच्या जागेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर परवाना लागत नाही आणि खेळाची जागा मोजताना यंत्राने प्रत्यक्ष व्यापलेले क्षेत्र साधारणपणे तिप्पट धरतात. म्हणजे अर्धा चौरस मीटर व्यापणारे यंत्र दीड चौरस मीटरचे ठरते, आणि ग्राहकांसाठी २० चौरस मीटर जागा असलेल्या दुकानात असे एकच यंत्र बसते. दागाशियाच्या पागोळीखाली, दाराबाहेर ठेवलेली यंत्रे जुन्या छायाचित्रांत दिसतात, त्यामागचे साधे कारण मात्र आत जागाच नसणे हे असावे.

जामा या उत्पादक संघटनेने १९८० च्या दशकाच्या मध्यास ठरवलेल्या ५६ टोकांच्या जोडणीमुळे पेटी तीच ठेवून फक्त आतला फलक (खेळ साठवलेले इलेक्ट्रॉनिक मंडल) बदलणे शक्य झाले. वीज, चित्र, आवाज, नाण्याची खूण आणि दोन्ही खेळाडूंच्या कळा एकाच जोडणीतून जात. ‘स्ट्रीट फायटर २’ला (१९९१) प्रत्येकी सहा कळा लागत असल्याने या जोडणीखेरीज वेगळी तारजोडणी करावी लागे. ओसाकाच्या एसएनके कंपनीने १९९० मध्ये आणलेल्या निओ जिओ एमव्हीएस प्रणालीने आणखी पुढची पायरी गाठली : फलकाऐवजी कार्ट्रिज बदलायचे, आणि काही नमुन्यांत एका पेटीत सहापर्यंत खेळ. एकच यंत्र ठेवू शकणाऱ्या दुकानाला याहून सोयीचे काही नव्हते. स्वतःची यंत्रे दुकानात ठेवून मिळकत वाटून घेणाऱ्या व्यावसायिकांनाही ते परवडे. कॅपकॉम कंपनीचे ‘मिनी क्यूट’ हे ठेंगण्या उभ्या यंत्रांच्या वर्गातले.

घरगुती गेम यंत्रांचा प्रसार आणि दागाशियांची घटती संख्या यांमुळे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ही यंत्रे मागे पडली. एमव्हीएससाठीचा एसएनकेचा अखेरचा खेळ २००४ मध्ये आला. अलीकडच्या खेळणीवजा प्रतिकृतींपैकी सेगाची ‘ॲस्ट्रो सिटी मिनी’ (२०२०) आणि ताइतोची ‘इग्रेट २ मिनी’ (२०२२) या मोठ्या गेम सेंटरांतील यंत्रांवर बेतलेल्या असून त्यांचा या नोंदीतील दुकानी यंत्रांशी थेट संबंध नाही.