शीळ ओठांची, यॉडल गळ्याचं

रॉनी रोनाल्डची जुनी तबकडी पहिल्यांदा ऐकणारा हमखास फसतो. गाता गाता मध्येच पाखरू बोलतं, कधी आवाजच कोलांटी मारून वर जातो, आणि हे सगळं एकाच गळ्यातून येतंय असं वाटतं. 1923 साली लंडनच्या इस्लिंग्टनमध्ये जन्मलेल्या या कलाकाराचं पोट शीळ आणि यॉडलिंग (आवाज मध्येच झटक्याने वर उडवत गाणं) या दोन्हींवर चालायचं.

कंठमण्यावर बोट ठेवून पाहा. शीळ घालताना तिथे काहीच थरथरत नाही. हवा ओठांच्या फटीतून जाते, तोंडाची पोकळी घुमते, आणि जीभ सरकली की सूर बदलतो. 'ऊ' म्हणताना होतो तसा ओठांचा चंबू करायचा, जिभेचं टोक खालच्या दातांमागे ठेवायचं आणि फुंकर हलकी ठेवायची. जोर केला की नुसतं फुस्स. ओठ सुकले की सूर फाटतो आणि हसू आलं की चंबूच मोडतो. माइकमध्ये फुंकर घुसू नये म्हणून तोंड जरासं बाजूला धरावं लागतं.

यॉडलमध्ये बोटाखाली थरथर तर असतेच, शिवाय झटकाही जाणवतो. छातीच्या भरीव आवाजातून वरच्या पातळ, खोट्या आवाजात एकदम उडी मारायची: मध्य सा वरून ध किंवा तार सा. खाली 'आ' किंवा 'ओ', वर 'ई' किंवा 'ऊ'. आपल्याकडे गायकाला या दोन आवाजांमधला सांधा लपवायला शिकवतात. यॉडलमध्ये तो ऐकूच यायला हवा. मींड घेतलीत, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत गेलात, की यॉडल संपलं. नुसता वरचा खोटा आवाज लांबवला तर तेही यॉडल नव्हे. किशोरकुमारच्या यॉडलच्या गाण्यांना कान द्या, यॉडल करताना आवाज सतत खालीवर उलटतो.

नवशिक्या वर जाताना जोर लावतो, हनुवटी उचलतो, छातीचाच आवाज वर ओढतो. घसा दुखायला लागला की थांबा. उलट वर जाताना आवाज थोडा सोडायचा असतो. आधी अगदी सावकाश 'आ-ई', मग वेग.

सर्दीने घसा बसला तर यॉडल आधी जातं, शीळ मात्र चालते. समोरचा दात पडला किंवा कवळी आली की उलटं होतं: यॉडल निभावतं, शीळ नव्याने बसवावी लागते.