गप्प राहायला शिकलेला तपासनीस

एखाद्या वेब प्रकल्पात प्लेराइटच्या, म्हणजे ब्राउझर आपोआप चालवून साइट तपासणाऱ्या साधनाच्या, टेस्ट आधीपासून लिहिलेल्या असतील, तर त्यांत ॲक्सेसिबिलिटीची (सुगम्यतेची), म्हणजे अपंग माणसांनाही साइट वापरता येते का याची, तपासणी घालायला आज फारसा वेळ लागत नाही. एक पॅकेज बसवायचं, पान उघडून झालं की ते ॲक्स या साधनाकडून तपासून घ्यायचं आणि चुकांची यादी रिकामी असावी, एवढी अट टाकायची. बटणाला नाव नसेल, फोटोला पर्यायी मजकूर (अंध वाचकाला ऐकवायचं वर्णन) नसेल किंवा इनपुटच्या चौकटीला लेबल नसेल, तर बिल्ड (साइटची नवी आवृत्ती तयार करण्याची स्वयंचलित प्रक्रिया) लाल होतो, म्हणजे नापास होऊन थांबतो. काम चार-पाच ओळींचं, पण तिथवर यायला जवळजवळ वीस वर्षं गेली. तंत्र कमी पडलं म्हणून नव्हे. तपासणारी साधनं फार बडबड करायची म्हणून, असं माझं मत.

बडबडीची सुरुवात बॉबीपासून. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या कास्ट या संस्थेने १९९६ मध्ये हे साधन फुकट वापरायला दिलं. आपल्या पानाचा पत्ता टाकायचा, बॉबी त्याचं एचटीएमएल (पानाचा मूळ कोड) वाचून अहवाल देई. नाव ब्रिटिश पोलिसावरून घेतलेलं. पास झालेल्या साइटला लावायला बिल्ला मिळे, त्यावर त्याच पोलिसाची उंच टोपी. त्या काळात अपंग माणसं वेबसाइट कशी वापरतात याचा विचारही न केलेल्या असंख्य लोकांना हा विषय पहिल्यांदा कळला तो बॉबीमुळे, हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पण बॉबीच्या हातात नियम कुठले होते? वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची सुगम्यतेबद्दलची पहिली मार्गदर्शक तत्त्वं ५ मे १९९९ रोजी आली: १४ तत्त्वं आणि त्यांखाली तपासायचे ६५ मुद्दे. त्यांतला एक मुद्दा, तोही सर्वोच्च प्राधान्याचा, सांगतो की साइटच्या मजकुराला शोभेल अशी शक्य तितकी सोपी आणि स्पष्ट भाषा वापरा. सल्ला उत्तम, पण तो पाळला गेला की नाही हे प्रोग्रॅमने ओळखायचं कसं? अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांत ‘पुरेसा’ फरक हवा, असंही त्यांत होतं. पुरेसा म्हणजे किती, ते नव्हतं. मग अहवालात खऱ्या चुकांच्या जोडीला ‘हे तुम्हीच पाहून घ्या’ अशी लांबलचक शेपटी येई. गेटवर आलेला प्रत्येक माणूस चोर असू शकतो असं सांगणाऱ्या वॉचमनकडे सोसायटी चार दिवसांत लक्ष देईनाशी होते, तसंच या अहवालांचं झालं.

दरम्यान कायदा जागा झाला होता. ब्रूस मॅग्वायर या अंध गृहस्थांनी १९९९ मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या आयोजन समितीविरुद्ध ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. साइटवरच्या चित्रांना पर्यायी मजकूर नव्हता आणि वेळापत्रकाच्या पानावरून एकेका खेळापर्यंत त्यांना पोचता येत नव्हतं. समितीचा बचाव मोठा बोलका आहे: दुरुस्ती करायची तर एका माणसाला रोज आठ तास असं वर्षभर बसावं लागेल. आयोगाने तो मानला नाही आणि पुढे २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई ठरवली. दुरुस्तीला खरंच किती वेळ लागला असता यावर वाद होऊ शकतो. पण साइट उभी राहिल्यावर शेवटी तपासलं की बिल केवढं येतं, त्याचा हा पहिला गाजलेला नमुना. अमेरिकेत सरकारी खात्यांसाठीचे ‘कलम ५०८’चे निकष जून २००१ पासून लागू झाले. २००२ मध्ये बॉबी वॉचफायर या कंपनीकडे गेला आणि २००७ मध्ये ती कंपनी आयबीएमने घेतली. तपासणी आता वर्षातून एकदा होणाऱ्या ऑडिटचा भाग झाली होती. अहवाल कायदा विभागाच्या टेबलावर जायचा. ज्याने ते बटण लिहिलं त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर तो दुसऱ्या प्रकल्पावर गेलेला असायचा.

दुसरा प्रवाह अगदी वेगळ्या ठिकाणी सुरू झाला. शिकागोत थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीत जेसन हगिन्स यांनी २००४ मध्ये सेलेनियम हे ब्राउझर आपोआप चालवणारं साधन लिहिलं, ते कंपनीच्याच अंतर्गत कामाचं एक ॲप्लिकेशन तपासण्यासाठी. नावामागे थट्टा आहे: तेव्हा टेस्टिंगच्या बाजारात मर्क्युरी नावाच्या कंपनीचा दबदबा होता आणि मर्क्युरीच्या, म्हणजे पाऱ्याच्या, विषबाधेवर सेलेनियम हा उतारा समजला जातो. पुढे सायमन स्टुअर्ट यांचं वेबड्रायव्हर हे तशाच कामाचं साधन त्यात मिसळलं, २०११ मध्ये सेलेनियम २ आलं आणि २०१८ मध्ये वेबड्रायव्हर डब्ल्यूथ्रीसीचं अधिकृत मानक झालं. सुगम्यतेशी यातल्या कशाचाही संबंध नव्हता. पण नेमक्या याच वर्षांत पानं बदलत होती. सर्व्हरकडून जवळजवळ रिकामं एचटीएमएल यायचं आणि उरलेलं सगळं जावास्क्रिप्ट ब्राउझरमध्ये उभं करायची. कच्चं एचटीएमएल वाचणाऱ्या तपासनिसाला रिकामं घरच दिसणार. उलट सेलेनियमच्या टेस्टमध्ये ब्राउझर उघडा, लॉगिन झालेलं, फॉर्म भरलेला, चुकीचा पिनकोड टाकल्यावर येणारा लाल संदेशही पडद्यावर. तपासायची तर हीच जागा होती.

अडलं होतं ते नियमांपाशी. ती गाठ डब्ल्यूथ्रीसीच्या तत्त्वांच्या ११ डिसेंबर २००८ रोजी आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने सोडवली. प्रत्येक निकष तपासून हो किंवा नाही असं उत्तर देता येईल, अशाच भाषेत तो लिहायचा, हे तिचं धोरण होतं. यातलं सगळं यंत्राच्या आवाक्यातलं नव्हे, पण बरंच काही आलं. रंगांतल्या फरकासाठी ‘पुरेसा’ जाऊन अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं ४.५ : १ हे गुणोत्तर आलं. तोही हवेतून काढलेला नाही: साधारण नजरेला ३ : १ चालतं असं धरून, नजर २०/४० पर्यंत अधू झाली की होणारं नुकसान भरून काढायला त्याची दीडपट केली. पांढऱ्यावर करडी अक्षरं काढताना डिझायनरच्या हाताला सहज लागणारा रंग म्हणजे ज्याच्या सहा अंकी सांकेतिक क्रमांकात सहाही अंक ७ आहेत तो. त्याचं गुणोत्तर ४.४८ भरतं, म्हणजे नापास. ७६७६७६ घेतला तर ४.५४, पास. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, आणि त्यावरून टीममध्ये होणारी भांडणं मी पाहिली आहेत. पण भांडायला आकडा आहे, हीच तर प्रगती.

डीक्यू या अमेरिकी कंपनीने २०१५ मध्ये ॲक्स-कोअर हे ॲक्सचं इंजिन मुक्त स्रोत केलं, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला केला, तेव्हा हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. बाकीच्या साधनांपेक्षा ते वेगळं ठरलं ते एका हट्टामुळे: खोटी तक्रार करायची नाही, आणि झालीच तर ती आमच्या साधनातली चूक समजायची. त्याच्या निकालाचे चार ढीग असतात. नक्की चुकलेलं, नक्की बरोबर असलेलं, या पानाला लागूच नसलेलं, आणि ठरवता न आलेलं. फोटोवर लिहिलेल्या अक्षरांचा रंग बऱ्याचदा शेवटच्या ढिगात जातो. बिल्ड थांबवायचा तो फक्त पहिल्या ढिगावर. बॉबीने जी शेपटी सगळ्यांच्या गळ्यात मारली होती ती इथे वेगळी काढून ठेवली आणि म्हणून प्रोग्रॅमर लाल बिल्डवर विश्वास ठेवायला तयार झाले. पुढे पानं तपासणाऱ्या गूगलच्या लाइटहाउस या साधनानेही हेच इंजिन आत घेतलं.

तरी खोड्या आहेतच. डायलॉग (पानावर उघडणारी छोटी चौकट) हळूहळू उमटत असताना, म्हणजे अक्षरं अर्धवट पारदर्शक असताना तपासणी धावली, तर रंगाचा नियम मोडल्याची तक्रार येते; पुन्हा चालवलं की नाहीशी. अशी कधी लाल तर कधी हिरवी होणारी टेस्ट कंटाळून बंद केली जाते. उपाय साधा आहे: आधी ॲनिमेशन बंद करा, मग तपासा. आणि जेस्डॉमसारख्या नकली ब्राउझरमध्ये तर पान प्रत्यक्ष रंगवलंच जात नाही, त्यामुळे रंगाचा नियम तिथे चालतच नाही. खऱ्या ब्राउझरचा आग्रह धरायचा तो यासाठीही.

यंत्राला एकूण किती सापडतं, यावर आकडे भांडतात. पूर्वी वीस-तीस टक्के म्हणत. डीक्यूने २०२१ मध्ये स्वतःच्या ऑडिटमधले सुमारे तीन लाख दोष मोजून ५७ टक्के सांगितले. दोन्ही खरं असू शकतं. निकष मोजले तर आकडा लहान येतो. दोषांची संख्या मोजली तर मोठा, कारण फिकट अक्षरांसारखा यंत्राला सहज दिसणारा दोष एकेका पानावर पन्नासदा येतो. विकणाऱ्याने कुठली मोजणी निवडली, हे वाचताना ध्यानात ठेवलेलं बरं. मात्र जे सहज सापडतं तेही लोक दुरुस्त करत नाहीत. वेबएम ही संस्था २०१९ पासून दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठं यंत्राने तपासते. पहिल्या वर्षी ९७.८ टक्के पानांत दोष सापडले, २०२५ मध्ये ९४.८ टक्के. सहा वर्षांत तीन टक्क्यांची कमाई.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा विषय होता, पण कंपन्यांमध्ये धावपळ सुरू झाली ती अलीकडे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. प्रकरण ई-केवायसीचं होतं. ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर पापणी लववून दाखवा म्हटलं, तर त्याने काय करायचं? गंमत म्हणजे, अशा केवायसीच्या पानावर ॲक्स चालवलं तर निकाल बिनदिक्कत हिरवा येऊ शकतो. बटणाला नाव आहे, रंग ठीक आहेत, लेबलं जागेवर आहेत.

मराठी साइट करणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे. पानाच्या सुरुवातीला ‘लँग’ या ॲट्रिब्यूटमध्ये भाषेचं लघुरूप लिहायचं असतं, मराठीचं ‘एमआर’. कुणी अंदाजाने ‘एमए’ लिहिलं तर ॲक्स लगेच पकडतं, कारण अशी भाषा यादीतच नाही. पण इंग्रजी टेम्प्लेट उचलून त्यात मराठी मजकूर ओतला आणि तिथे ‘ईएन’ तसंच राहिलं, तर यंत्राच्या दृष्टीने सगळं आलबेल. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, मात्र पानाच्या सांगण्यावरून इंग्रजी आवाजाकडे वळू शकतो आणि देवनागरीचे हाल होतात. ही चूक पकडायला ॲक्सची वाट पाहायचं कारण नाही. मराठी पत्त्यावरचं प्रत्येक पान ‘एमआर’ सांगतं का, ही टेस्ट आपली आपण लिहायची. एका ओळीत होते.