प्रिंटर दोन्ही नेटवर्कांत असणं आणि दोन्ही नेटवर्कांतून सापडणं

“ऑफिसात नेटवर्क दोन आहेत आणि प्रिंटर एकच. दोन्हीकडून प्रिंट काढता येईल का?” येईल. पण या एका प्रश्नात दोन वेगळे प्रश्न दडलेले असतात. प्रिंटरचा एक पाय इकडे आणि एक तिकडे ठेवायचा आहे का? की प्रिंटर एकाच घरात राहू द्यायचा आणि शेजारच्या घरातून त्याच्यापर्यंत वाट काढायची आहे? कागद दोन्ही तऱ्हांनी बाहेर येतो, म्हणून लोक या दोन गोष्टी एकच समजतात. फरक कळतो तो बिघाड झाल्यावर. पहिल्या तऱ्हेत दोष प्रिंटरमध्ये शोधायचा असतो, दुसऱ्या तऱ्हेत मधल्या वाटेत, आणि माणूस हमखास चुकीच्या जागी अर्धा दिवस घालवतो.

आधी एक तिसराच उद्योग बाजूला काढू, कारण तोच सर्वात आधी सुचतो: दोन्ही स्विचना, म्हणजे कॉम्प्युटरांच्या केबली जिथे येतात त्या डब्यांना, जोडणारी एक केबल टाकून मोकळं व्हायचं. याला प्रिंटर शेअर करणं म्हणत नाहीत. असं केलं की दोन नेटवर्क वेगळी उरतच नाहीत. दोन्हीकडचे राउटर कॉम्प्युटरांना आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कातली ओळख सांगणारे आकडे, वाटत असतात. एकत्र आल्यावर कोणत्या कॉम्प्युटरला कोणाकडून पत्ता मिळेल, हे आधी कोण उत्तर देतो त्यावर ठरतं. मग निम्म्या कॉम्प्युटरांचं इंटरनेट परक्या कनेक्शनवरून चालू लागतं, काहींचे पत्ते एकमेकांवर आदळतात, आणि ज्या कारणासाठी नेटवर्क वेगळी ठेवली होती ते कारणच संपतं. कारण सहसा साधं असतं: पाहुण्यांच्या फोननी हिशेबाच्या कॉम्प्युटरांजवळ फिरकू नये, किंवा एका मजल्यावरच्या दोन कंपन्यांनी एकमेकांच्या फायली पाहू नयेत.

आता पहिली तऱ्हा, दोन पायांची. बहुतेक ऑफिस प्रिंटरांना केबलचं पोर्ट असतं आणि वायफायही असतं. मग केबल एका नेटवर्कात आणि वायफाय दुसऱ्यात, इतकं सोपं असायला हवं. इथेच पहिली ठेच लागते. पुष्कळ प्रिंटरांमध्ये केबल लावली की वायफाय आपोआप बंद होतं. दोन्ही जोडण्या आहेत म्हणजे दोन्ही एकाच वेळी चालतात असं नाही, आणि खोक्यावर हे लिहिलेलं नसतं. प्रिंटर घेण्याआधी मॅन्युअलमध्ये नेमकं हेच शोधावं. मोठ्या कॉपियरना दुसरं नेटवर्क कार्ड बसवता येतं, तिथे प्रश्न सरळ सुटतो. वायफाय डायरेक्ट ही वेगळी चीज आहे. त्यात प्रिंटर स्वतःचंच छोटंसं वायफाय उभं करतो. एखाद-दुसऱ्या फोनसाठी ते ठीक, पण त्याला जोडलेला लॅपटॉप तेवढा वेळ सहसा आपल्या नेहमीच्या वायफायवरून उतरतो, म्हणून रोजच्या कामाला ते कटकटीचं.

यूएसबी हाही एक पायच. प्रिंटर केबलने एका नेटवर्कात ठेवायचा, यूएसबीने दुसऱ्या नेटवर्कातल्या एका कॉम्प्युटरला जोडायचा आणि त्या कॉम्प्युटरवरून शेअर करायचा. स्वस्त उपाय आहे, चालतोही. मात्र तो कॉम्प्युटर चालू असेल तोवरच. त्याचा मालक रजेवर गेला की त्या बाजूचा प्रिंटरही रजेवर. त्याऐवजी यूएसबी प्रिंट सर्व्हर नावाची छोटी डबी लावली तर हे परावलंबन जातं, पण ती डबी तुमच्या मॉडेलला चालते का हे आधी तपासावं लागतं.

दोन पायांचा मोठा गुण असा की प्रिंटर दोन्हीकडे घरचाच असतो. कॉम्प्युटरला तो यादीत आपोआप दिसतो आणि राउटरला हात लावावा लागत नाही. अट एकच: दोन्ही नेटवर्कांचे पत्ते वेगळ्या पट्ट्यातले हवेत. दोन्हीकडे १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते असतील, आणि घाईत बसवलेल्या राउटरांमध्ये ते असतातच, तर उत्तर कोणत्या पायाने पाठवायचं हे प्रिंटरला ठरवता येत नाही. एका बाजूने प्रिंट निघते, दुसरी बाजू तिष्ठत बसते.

दुसऱ्या तऱ्हेत प्रिंटरला एकच पाय. समजा तो १९२.१६८.१०.५० वर आहे आणि दुसऱ्या नेटवर्काचे पत्ते १९२.१६८.२० ने सुरू होतात. दोन्हींच्या मध्ये राउटर किंवा फायरवॉल (कोणाला कुठे जाऊ द्यायचं हे ठरवणारी पहारेकरी) बसते आणि तिला सांगायचं: वीसवाल्यांना दहामधल्या या एकाच पत्त्यापर्यंत जाऊ दे, बाकी सगळं बंद. पोर्टही मोजकीच उघडायची; इथे पोर्ट म्हणजे केबल लावायची जागा नव्हे, त्या पत्त्यावरची क्रमांकाची दारं. थेट प्रिंटसाठी टीसीपी या प्रकारातलं ९१००, आयपीपी ही प्रिंटची पद्धत वापरत असाल तर ६३१, जुन्या एलपीडी पद्धतीसाठी ५१५.

इथे जाण्याची वाट सगळे बघतात, येण्याची कोणी बघत नाही. प्रिंटरला दुसऱ्या नेटवर्कातून काम आलं की उत्तर देताना तो आपला गेटवे, म्हणजे नेटवर्काबाहेर ज्यातून जायचं त्या राउटरचा पत्ता, पाहतो. त्याच्या सेटिंगमध्ये गेटवेची जागा रिकामी असेल, किंवा तिथे मधल्या राउटरऐवजी भलत्याच राउटरचा पत्ता असेल, तर उत्तर वाटेतच हरवतं. स्वतःच्या नेटवर्कात प्रिंटर ठणठणीत आणि पलीकडून मुका, असं दिसलं की मी फायरवॉलच्या आधी प्रिंटरचा गेटवे बघतो. गेटवे बदलता येत नसेल तर मधल्या राउटरला पलीकडून आलेलं काम स्वतःच्या नावावर पुढे पाठवायला सांगता येतं. मग प्रिंटरला वाटतं की घरातल्याच कोणीतरी काम दिलं, आणि उत्तर बिनचूक परत येतं.

दुसरी तक्रार ठरलेली: “वाट उघडली, तरी यादीत प्रिंटर दिसत नाही.” दिसणार नाहीच. फोन आणि कॉम्प्युटर प्रिंटर शोधतात ते आपल्याच नेटवर्कात हाका मारून, आणि त्या हाका राउटर पलीकडे जाऊ देत नाही. म्हणून इथे प्रिंटर यादीतून निवडायचा नसतो, पत्ता टाकून जोडायचा असतो. विंडोजमध्ये ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडून आयपी पत्ता द्यायचा. आणि प्रिंटरचा पत्ता राउटरमध्ये राखून ठेवायचा, नाहीतर एखाद्या सोमवारी तो बदललेला असतो. फोनवरून एअरप्रिंटच (ॲपलची थेट प्रिंट काढायची सोय) हवं असेल तर हाका पलीकडे पोचवणारा एमडीएनएस रिफ्लेक्टर काही राउटरांत असतो, तो चालू करावा लागतो.

एक गंमत मात्र खास विंडोजची. प्रिंट जाण्याची वाट चोख उघडलेली असते, तरी प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतो. विंडोज प्रिंटरची खुशाली एसएनएमपीने, म्हणजे यूडीपी १६१ वरून विचारत असतं. ते पोर्ट बंद असलं की उत्तर येत नाही आणि विंडोज प्रिंटरला मेलेला समजतं. एकतर १६१ उघडा, नाहीतर प्रिंटरच्या पोर्ट सेटिंगमधली ‘एसएनएमपी स्टेटस’ची खूण काढा.

स्कॅनचं गणित उलटं आहे. प्रिंट काढताना कॉम्प्युटर प्रिंटरकडे जातो. स्कॅन शेअर केलेल्या फोल्डरमध्ये टाकताना प्रिंटर स्वतः कॉम्प्युटरकडे जातो, टीसीपी ४४५ वरून. एका दिशेची वाट दुसऱ्या दिशेला चालत नाही. त्यासाठी उलटी वाट उघडावी का? मी उघडत नाही. प्रिंटर ही ऑफिसातली सर्वात दुर्लक्षित वस्तू असते, वर्षानुवर्षं तिचं सॉफ्टवेअर कोणी अपडेट करत नाही, तिचा पासवर्डही बरेचदा कारखान्यातून आला तोच असतो. अशा वस्तूला कॉम्प्युटरांच्या दारापर्यंत जाऊ देण्यापेक्षा स्कॅन ईमेलने पाठवलेला बरा. दोन पायांच्या तऱ्हेतली माझी खरी अडचणही हीच. प्रिंटर सहसा इकडचं तिकडे करत नाही, पण कोणी त्याचा ताबा घेतलाच तर तो दोन्ही घरांत आधीच बसलेला असतो.

म्हणून हाताशी व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क, करता येणारा स्विच आणि फायरवॉल असेल तर प्रिंटर दोन्हींपैकी कुठेच ठेवू नये. त्याला स्वतःचं तिसरं छोटं नेटवर्क द्यावं. दोन्हीकडून त्याच्याकडे वाट, त्याच्याकडून स्वतःहून या दोन्हींपैकी कोणाकडेच नाही. कामाला एक दुपार लागते. सात-आठ माणसांच्या ऑफिसात एवढं सामान नसेल आणि प्रिंटरला दोन पाय एकाच वेळी चालत असतील, तर पहिली तऱ्हा खुशाल वापरावी. फक्त प्रिंटरचा पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. कोणतीही तऱ्हा घेतली तरी ट्रेमध्ये पडलेला कागद दोघांनाही दिसतो, त्यामुळे पगारपत्रकासारख्या गोष्टी पिन टाकल्यावरच छापल्या जातील अशी सोय प्रिंटरमध्ये असेल तर ती चालू करावी.

सगळं जमल्यावर एक चाचणी करावी. दुसऱ्या नेटवर्कातल्या कॉम्प्युटरवरून प्रिंट काढून बघा, ती निघायला हवी. मग त्याच कॉम्प्युटरवरून पहिल्या नेटवर्कातल्या राउटरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. लॉगिनचं पान उघडलं, तर प्रिंटरपेक्षा बरंच जास्त काही शेअर झालेलं आहे.