पेटी ठोकण्याआधी दांडी मोजा

"कोंबड्या रात्री अंडी घालायच्या पेटीतच झोपतात, अंडी घाण होतात, पेटी बदलून द्या." अशी तक्रार आली की आम्ही पेट्या बनवणारे आधी एकच विचारतो : झोपायची दांडी किती उंच आहे? बहुतेक वेळा दांडी पेटीच्या खाली निघते, नाहीतर बरोबरीने. अशा ठिकाणी पेटी बदलून काहीच होत नाही.

अंधार पडला की कोंबडी खुराड्यातली सर्वांत उंच जागा धरते. ती जागा पेटीची असेल तर ती पेटीतच बसणार आणि रात्रभर तिथेच विष्ठा टाकणार. म्हणून पेटीचा तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट ठेवा आणि दांडी त्याहून निदान फूटभर वर. दांडी पेटीच्या बरोबर डोक्यावर मात्र नको, नाहीतर सगळी घाण छपरावर साचते. सवय आधीच लागली असेल तर दांडी वर घ्या आणि काही दिवस दिवेलागणीपूर्वी पेट्यांची तोंडे फळीने बंद करा. पहाटे आठवणीने उघडा, कारण बरीचशी अंडी सकाळीच पडतात.

छप्पर उतरते का केले, वर साधी टोपलीही ठेवता येत नाही, असेही ऐकून घेतो. सपाट छपरावर कोंबड्याच मुक्काम ठोकतात, म्हणून उतार. पुढची चार इंची पट्टी काही जण आत-बाहेर सोपे जावे म्हणून काढून टाकतात. कृपया काढू नका, तिच्यामुळेच भुसा आणि अंडी आत राहतात.

चार-पाच कोंबड्यांना एक पेटी पुरते. जास्त पेट्या विकायला आम्हाला काय जड आहे? पण दहा लावल्या तरी सगळ्या जणी एकाच पेटीपुढे रांग लावतात. साधारण कोंबडीला फूटभर लांबी, रुंदी, उंची बास; अंगाने मोठी जात असेल तर 14 इंच.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीची गोष्ट वेगळी. तिला सामाईक पेटीतच उबवायला बसू दिले तर बाकीच्या रोज तिच्याखाली नवी अंडी घालतात. मग 21 दिवसांनी काही पिल्ले निघतात, काही अंडी अर्धवट राहतात, आणि पिल्लांमागे आई उठून गेली की उरलेली वाया. शिवाय दोन फुटांवरून पिल्लू खाली पडले तर परत चढू शकत नाही. तिला रात्री, अंधारात उचलून जमिनीलगतच्या वेगळ्या खोक्यात हलवा, आणि अंडी एकाच दिवशी ठेवा. ती दिवसातून एकदा थोडा वेळ उठते. दाणा-पाणी जवळ असू द्या. जाळीच्या दाराची अशी रवणपेटी आम्ही वेगळी बनवतो. घरचे खोकेही चालेल, फक्त मांजर-मुंगसाला वाट नको.

आईविना पिल्ले वाढवणार असाल तर पहिल्या आठवड्यात दिव्याखाली 35 अंश सेल्सिअस ऊब ठेवा, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश उतरवा. खाली गुळगुळीत कागद अंथरू नका, पाय फाकतात.

पेटी मागवताना कोंबड्या किती, जात कोणती आणि दांडीची उंची एवढे कळवा. दांडी खाली असेल तर आमचा माणूस पेटी बसवताना तीही वर घेऊन देतो.