पाच उदाहरणं जुळली, सहावं फसलं: ४,२९,४९,६७,२९७

पहिली चार-पाच उदाहरणं बरोबर आली की नियम सिद्ध झाला असं समजणाऱ्यांनी ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या लक्षात ठेवावी. २ चा ३२ वा घात अधिक १ म्हणजे ही संख्या.

घातांक १, २, ४, ८, १६ घेऊन १ मिळवला की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ मिळतात. पाचही मूळ संख्या. त्यावरून १६४० मध्ये फ्रेंच गणिती फर्माने अंदाज बांधला, की घातांक असाच दुप्पट करत गेलं तर पुढच्याही सगळ्या मूळच निघतील. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने पुढचीच संख्या फोडून दाखवली: ६४१ × ६७,००,४१७.

६४१ सापडायला ६५,५३६ पर्यंतच्या (या संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या) सगळ्या, म्हणजे ६,५४२ मूळ संख्यांनी भागत बसावं लागत नाही. समजा, प ही मूळ संख्या आपल्या संख्येला भागते. मग २ च्या ३२ व्या घाताला प ने भागल्यावर बाकी −१ (म्हणजे १ मिळवला की पूर्ण भाग जातो). वर्ग केला की ६४ व्या घाताची बाकी १. त्याआधी कुठल्याही घाताला बाकी १ येत नाही. आली असती तर असा सर्वांत लहान घातांक ६४ चा विभाजक, म्हणून ३२ चाही विभाजक असता आणि ३२ व्या घाताची बाकी १ आली असती. म्हणजे बाक्यांचं चक्र बरोबर ६४ पावलांचं. इकडे फर्माचाच सिद्धान्त सांगतो, की (प − १) व्या घाताची बाकी १ असते. तेव्हा प − १ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. हत्यार फर्माच्या हातातच होतं!

आता ६५, १२९, १९३ असे ६४-६४ ने पुढे चला आणि मूळ तेवढ्या ठेवा: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला बाकी शून्य. त्यातही २५७ गाळता येते, कारण वरच्या पाच मूळ संख्यांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५ आहे. आपली संख्या त्याहून २ ने मोठी, म्हणून २५७ ने भागल्यावर बाकी २ च येणार.

लांब भागाकार नको असेल तर ६४१ = ५ × १२८ + १ आणि ६४१ = ६२५ + १६ हे दोन्ही वापरा. पहिल्यावरून ५ × १२८ ची बाकी −१. चौथा घात केला की ६२५ × (२ चा २८ वा घात) याची बाकी १. दुसऱ्यावरून ६२५ च्या जागी −१६ ठेवा. उणे २ चा ३२ वा घात, बाकी १. म्हणजेच २ चा ३२ वा घात अधिक १ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो.

अंकज्योतिषी या संख्येच्या अंकांची बेरीज ५९, मग १४, मग ५ करून तिला बुधाच्या पदरात टाकतील. फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत लिहिली तर तिच्या अंकांची बेरीज २ येते. ग्रह बदलला का?

संगणकावर पडताळणार असाल तर एक खोच आहे. ३२ बिटांच्या चिन्हविरहित पूर्णांकात जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ मावते. आपली संख्या तिथे ठेवली की १ उरतो आणि पुढचे सगळे भागाकार चुकतात. ६४ बिटांचा प्रकार घ्या. स्प्रेडशीट १५ अंकांपर्यंत अचूक असते, तेव्हा तिथे या दहा अंकांना अडचण नाही.