स्पॅनिश करारनामा स्लोव्हाकमध्ये करून घेताना

ही भाषाजोडी मागायला आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक चाकण-भोसरी या वाहन-उद्योगाच्या पट्ट्यातले. टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरचा स्लोव्हाकियातल्या नित्रा इथला कारखाना 2018 साली सुरू झाला. भागीदार स्पेनचा, माल स्लोव्हाकियात आणि करार स्पॅनिशमध्ये, अशी गाठ मग पडते. पहिला प्रश्न ठरलेला: "आधी इंग्रजी, मग स्लोव्हाक केलं तर स्वस्त पडेल ना?"

पडेल. तरी करारासाठी आम्ही तसं काम घेत नाही. स्पॅनिशमध्ये 'रेसोलुसिओन' म्हणजे समोरच्याने अट मोडली म्हणून करार मोडणं, आणि 'देसिस्तिमिएन्तो' म्हणजे कुणाची चूक नसतानाही बाहेर पडणं. इंग्रजीत दोन्हींना 'टर्मिनेशन' लिहून मोकळे होतात. स्लोव्हाकमध्ये मात्र पुन्हा दोन शब्द आहेत: करारातून मागे फिरणं ते 'ओदस्तूपेनिए', नोटीस देऊन तो संपवणं ती 'वीपोवेद्य'. मूळ स्पॅनिश मजकूर समोर नसलेला अनुवादक यांतला एक अंदाजाने उचलतो. वाद झाला की त्या अंदाजाचे पैसे तुम्ही भरता.

सहीच्या जागीही असंच होतं. 'आपोदेरादो' म्हणजे मुखत्यार. त्याला स्लोव्हाकमध्ये 'कोनातेल' म्हटलं, तर तो थेट कंपनीचा संचालक होऊन बसतो!

कागद कोर्टात किंवा सरकारी नोंदणीत द्यायचा असेल, तर अनुवादक स्लोव्हाकियाच्या न्याय मंत्रालयाच्या यादीतलाच घ्या. 2004 च्या 382 क्रमांकाच्या कायद्याखालची ही यादी इंटरनेटवर खुली आहे आणि भाषेनुसार शोधता येते. असा अनुवाद मूळ कागदाला दोऱ्याने शिवून, शिक्का आणि अनुवादकाचं निवेदन जोडून मिळतो. स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेल्या अनुवादकाचा शिक्का स्पेनमधल्या कामांसाठी असतो. स्पॅनिश नोटरीचा दस्त असेल, तर अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचं प्रमाणपत्र) लागतं का ते विचारून घ्या, आणि लागत असेल तर अनुवादाआधीच लावून घ्या. म्हणजे त्याचाही अनुवाद सोबतच होतो. करार फक्त दोन कंपन्यांत वाचायचा असेल तर शिक्क्याचा खर्च कशाला? तिथे कायद्याच्या मजकुराचा अनुभव असलेला अनुवादक पुरतो.

"झेक येणारा चालेल का?" असंही विचारतात. बोलण्यापुरता चालेल. पण झेकांचा 2014 पासूनचा दिवाणी कायदा स्लोव्हाकियाला लागू नाही, त्यामुळे कलमांची भाषा जुळेलच असं नाही.

दर शब्दांवर नसतो. तिकडे 1800 अक्षरांचं (मोकळ्या जागा धरून) एक प्रमाण पान मानतात. आकडेही एकदा स्वतः तपासा: स्पॅनिश करारातलं '1.500' म्हणजे दीड नव्हे, दीड हजार.

आमच्याकडे येताना सही झालेली प्रत आणि स्लोव्हाक कंपनीचा नोंदणी उतारा आणा. मसुद्यात अजून बदल चालू असतील, तर ते संपल्यावर या. शिवलेल्या अनुवादात एक ओळ बदलायची, तरी तो नव्यानेच करावा लागतो.