गोल्फ कार्टला मोटारसायकलचे इंजिन बसविण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बेळगाव परिसरातील रिसॉर्ट, साखर कारखान्यांची अतिथिगृहे, महाविद्यालयांची आवारे आणि मोठ्या फळबागा यांना गोल्फ कार्ट आता नवलाची राहिलेली नाही. मात्र जुनी विकत आणलेली कार्ट बंद पडली, की तिच्या मूळ इंजिनाचा पिस्टन किंवा स्टार्टर मिळविण्यासाठी आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागते. उलट शंभर-दीडशे सीसीच्या मोटारसायकलचा बहुतेक कोणताही भाग खानापूर, निपाणी किंवा संकेश्वरच्या बाजारात सहज मिळतो. इंजिन बदलण्याची चौकशी उद्यमबागेतील आमच्या वर्कशॉपमध्ये मुख्यतः याच कारणाने होते आणि ते कारण रास्त आहे. केवळ वेग वाढविण्यासाठी मात्र आम्ही हे काम स्वीकारीत नाही. त्याचे कारण ब्रेकच्या भागात दिले आहे.

इंजिन किती सीसीचे हवे

पेट्रोलवर चालणाऱ्या गोल्फ कार्टचे मूळ इंजिन साधारणतः ३०० ते ४०० सीसीचे असते, त्यामुळे १०० सीसीचे इंजिन पुरेल का, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. सहा माणसांसह कार्टचे वजन ९०० किलो आणि चढ दहास एक असा धरला, तर ताशी १५ किलोमीटर वेगाने चढण्यासाठी चाकांपाशी सुमारे ६ अश्वशक्ती लागते. शंभर सीसीचे इंजिन आपली सात-आठ अश्वशक्ती मिनिटाला सात ते आठ हजार फेऱ्यांवर देते, आणि त्यातील काही चेनमध्ये, काही गिअरमध्ये, तर काही बेळगावच्या सुमारे ७५० मीटर उंचीवरील विरळ हवेमुळे कमी होते. ते चढ चढते, पण धापा टाकत चढते. म्हणून सपाट आवारातील चार आसनी कार्टसाठी आम्ही १०० सीसी आणि जांबोटी-चोर्ला बाजूच्या उताराच्या जागांसाठी १५० सीसी सुचवितो. काही ग्राहक ३५० सीसीच्या बुलेटच्या इंजिनाचा आग्रह धरतात. आवाजाची हौस आम्ही समजू शकतो, परंतु त्या इंजिनाचे वजन आणि हादरे कार्टच्या हलक्या चौकटीला सोसत नाहीत.

इंजिन शक्यतो कार्बोरेटरचे, म्हणजे पेट्रोल आणि हवा सेन्सरशिवाय मिसळणारे, निवडावे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण मानकांनंतरच्या बहुतेक मोटारसायकलींमध्ये इंधन इंजेक्शन, टाकीतील पंप, कंट्रोल युनिट आणि अनेक सेन्सर असतात. ती सर्व वायरिंग कार्टमध्ये उतरविणे शक्य असले, तरी एखादा सेन्सर रुसला की कार्ट जागेवरच थांबते.

गिअर आणि चेनचा हिशेब

मूळ पेट्रोल कार्टमध्ये इंजिनापासून मागील एक्सलपर्यंत पट्टा असतो आणि एक्सलच्या हाउसिंगमधील (बाहेरील पेटीतील) गिअर फेऱ्या सुमारे बारा पटींनी कमी करतात. कार्टचे १८ इंची चाक ताशी २० किलोमीटरला मिनिटाला सुमारे २३२ वेळा फिरते, म्हणजे हाउसिंगच्या शाफ्टला साधारण २८०० फेऱ्या हव्यात. मोटारसायकलच्या इंजिनात स्वतःचा गिअरबॉक्स असतो. शंभर सीसीच्या इंजिनात फेऱ्यांची आतली पहिली कपात चौपट आणि वरचा गिअर जवळपास एकास एक धरला, तर क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या, ६००० फेऱ्यांना बाहेरच्या शाफ्टवर १५०० फेऱ्याच मिळतात. म्हणून येथे इंजिनाकडील स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) मोठे आणि एक्सलकडील लहान, उदाहरणार्थ २८ आणि १५ दातांचे, म्हणजे मोटारसायकलवर असते त्याच्या नेमके उलट लागते. एवढे मोठे स्प्रॉकेट इंजिनाच्या कव्हरखाली मावत नाही, त्यामुळे प्लमर ब्लॉक बेअरिंगवर (चौकटीला बोल्टने बसणाऱ्या बेअरिंगवर) एक मधला शाफ्ट बसवावा लागतो. हा शाफ्ट गाळून थेट चेन जोडलेल्या कार्ट आमच्याकडे दुरुस्तीला येतात. वरच्या गिअरमध्येही त्या माणसाच्या भरभर चालण्याइतक्याच वेगाने जातात आणि इंजिन मात्र आकांत करीत असते.

मागे जाण्याची सोय

मोटारसायकलला रिव्हर्स गिअर नसतो आणि ग्राहकांच्या ध्यानात सर्वांत उशिरा येणारी हीच गोष्ट असते. आपली कार्ट मूळची पेट्रोलवरची असेल, तर पुढे-मागे करण्याचा गिअर बहुधा एक्सलच्या हाउसिंगमध्येच असतो आणि तो तसाच वापरता येतो. त्यात एक धोका असतो. हाउसिंगचा गिअर मागे टाकला, तरी मोटारसायकलचे सर्व गिअर उपलब्ध राहतात, म्हणजे चालकाने वरचा गिअर टाकल्यास कार्ट ताशी २० किलोमीटर वेगाने मागे जाऊ शकते. यासाठी रिव्हर्समध्ये पहिल्या गिअरशिवाय दुसरा पडणार नाही अशी अडकण आम्ही लीव्हरला करतो आणि ती काढून देण्याची विनंती मान्य करीत नाही. पुढचा-मागचा गिअर कार्ट पूर्ण थांबल्यावर आणि क्लच दाबूनच बदलावा.

बॅटरीवरच्या कार्टची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात मोटार उलटी फिरवून मागे जातात, एक्सलमध्ये रिव्हर्स गिअर नसतोच. त्यामुळे वेगळा रिव्हर्स बॉक्स बसवावा लागतो आणि खर्च वाढतो. शिवाय दीडशे किलोहून अधिक वजनाच्या बॅटऱ्या निघाल्याने कार्टचा तोल बदलतो. अशा कार्टची मोटार चांगली असेल, तर इंजिन न बसविता नव्या बॅटऱ्या घ्याव्यात, असाच सल्ला आम्ही देतो, जरी त्यात आमचे काम जाते.

ज्यांना इंजिनच हवे आहे, त्यांनी ऑटोरिक्षाच्या चार-स्ट्रोक इंजिनाचाही विचार करावा. त्याच्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स असतो, ते ओझे ओढण्यासाठीच बनविलेले असते आणि बहुतेकांना थंड करणारा पंखाही असतो. आमच्या मते बहुसंख्य ग्राहकांसाठी तेच अधिक सोयीचे आहे.

उष्णता

मोटारसायकलचे इंजिन समोरच्या वाऱ्यावर थंड राहते. कार्टमध्ये ते आसनाखालच्या पेटीत जाते आणि ताशी १५ किलोमीटरला तेथे वारा पोहोचतच नाही. म्हणून सिलिंडरच्या पंखांवर हवा सोडणारा विजेचा पंखा, पत्र्याची नळी आणि गरम हवा बाहेर जाण्यासाठी मागे जाळी या तिन्ही गोष्टी आम्ही बसवितोच. मूळ पेट्रोल कार्टचे इंजिन पाय उचलताच बंद होते व दाबताच सुरू होते. हे इंजिन मात्र थांबल्यावरही चालू राहते आणि तापत राहते, हे चालकाला सांगून ठेवावे. सायलेन्सर आसनापासून आणि पेट्रोलच्या नळीपासून दूर ठेवून त्यावर उष्णतारोधक आच्छादन घालतो. खानापूर तालुक्यातील पावसाचा विचार करता हवेचा फिल्टर उंचावर घेणेही आवश्यक असते.

ब्रेक आणि वेगमर्यादा

बहुतेक गोल्फ कार्टना फक्त मागील चाकांना, तारेवर चालणारे ड्रम ब्रेक असतात आणि ते ताशी २० ते २५ किलोमीटरच्या वेगासाठीच बनविलेले असतात. वेग दुप्पट झाला, की थांबण्यासाठी लागणारे अंतर चौपट होते. लहान चाकांची, उंच आसनांची आणि दरवाजे नसलेली गाडी त्या वेगाने वळविणे त्याहून धोक्याचे आहे. म्हणून थ्रॉटलला अडथळा बसवून वरचा वेग ताशी २० किलोमीटरवर रोखतो. काम सुरू करण्यापूर्वी ब्रेकचे लायनर आणि तारा बदलणे बंधनकारक आहे.

कागदपत्रे

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(२८) मधील मोटार वाहनाच्या व्याख्येतून केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी तयार केलेले विशेष प्रकारचे वाहन वगळले आहे. अशी कार्ट सार्वजनिक रस्त्यावर, मग तो दोन फाटकांमधील पन्नास पावलांचा असला तरी, चालविता येत नाही. नोंदणी झालेल्या वाहनात असे बदल करण्यास कलम ५२ आड येते, त्यामुळे आरसी असलेली कार्ट आम्ही घेत नाही.

इंजिन आपण आणणार असाल, तर ते ज्या मोटारसायकलचे आहे तिची कागदपत्रे सोबत आणावीत. गाडी केए-२२ ची असो, केए-२३ ची असो वा सीमेपलीकडील एमएच-०९ ची, तिची नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा आणि इंजिनावरचा क्रमांक जुळल्याशिवाय आम्ही ते उतरवून घेत नाही. मोडीत निघालेल्या गाडीची माहिती मालकाने चौदा दिवसांच्या आत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकाऱ्याला द्यावयाची असते. भंगारवाल्याची साधी पावती त्याऐवजी चालत नाही.

अंदाजपत्रक कार्ट प्रत्यक्ष पाहिल्यानंतरच दिले जाते. येताना कार्टमध्ये एकावेळी किती माणसे बसतात आणि आवारातील सर्वांत मोठा चढ किती लांबीचा आहे, हे मोजून आणावे. काम झाल्यावर पूर्ण भार घालून त्याच चढावर, पुढे आणि मागे, आपल्या चालकासमोर चाचणी घेतली जाते. पहिल्या महिन्यात चेनचा ताण आणि इंजिनाच्या माउंटिंगचे बोल्ट दर आठवड्याला तपासावेत, कारण नवी चेन सुरुवातीला ताणली जाते आणि रबर बुश आपल्या जागी बसण्यास थोडा काळ लागतो.